चित्रकार दाविद : चरित्र आणि चित्रे

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या सभागृहात, व्यासपीठामागील भिंतीवर, संस्थेच्या स्थापनेच्या सभेचे मोठे तैलचित्र लावावे असा विचार गेले वर्षभर चालू आहे, हे बहुतेक ज्ञातिबांधवांस व भगिनींस ठाऊक आहेच. त्या सभेचे छायाचित्र नाही. इतिवृत्ताच्या पहिल्या वहीत उपस्थितांच्या २७ सह्या आहेत, तेवढाच काय तो आधार. चित्राचा ठराव झाला आणि लगोलग दोन वाद उभे राहिले. ज्या माउलीने हातातील पाटल्या उतरवून विद्यार्थी वसतिगृहाचा पाया घातला, ती त्या सभेस हजर नव्हती. त्या काळी आपल्यात स्त्रिया सभेत बसत नसत. तिला चित्रात बसवावे काय, हा पहिला वाद. दुसरा अधिक नाजूक आहे. सही करणाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी पुढे संस्थेशी फारकत घेतली व प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्यांस चित्रातून गाळावे, असे काही मंडळींचे म्हणणे आहे.

या कामी आमचे मत विचारण्यात आले. आम्ही जन्मभर शाळेत इतिहास शिकविला, चित्रकला नव्हे. मॅट्रिकच्या पलीकडे आमची मजलही गेली नाही. तथापि नेमके हेच दोन प्रश्न ज्याच्यापुढे एका सम्राटाच्या दरबारी उभे राहिले, अशा एका जगद्विख्यात फ्रेंच चित्रकाराचे चरित्र आमच्या वाचनात आले आहे. मत देण्यापूर्वी ते चरित्रच वाचकांपुढे ठेवावे हे बरे, असे आम्हांस वाटले.

जाक-लुई दाविद याचा जन्म ३० ऑगस्ट १७४८ रोजी पॅरिस शहरी झाला. बाप व्यापारी होता. मुलगा नऊ वर्षांचा असता बाप द्वंद्वयुद्धात मारला गेला आणि आईने त्यास आपल्या भावांच्या स्वाधीन केले. हे मामा इमारतींचे आराखडे करणारे. भाच्यानेही तोच व्यवसाय करावा अशी त्यांची इच्छा. परंतु या मुलाचे लक्ष वहीच्या कोऱ्या पानांवर चित्रे काढण्याकडे! अखेर मामांनी हट्ट सोडला. आईच्या नात्यातील बूशे हा त्या वेळचा नामांकित चित्रकार. त्याने वयोमानामुळे मुलास स्वतःकडे न ठेवता व्हियँ नावाच्या कलाशिक्षकाकडे पाठविले.

त्या काळी फ्रान्सच्या राजाश्रित कला अकादमीची एक स्पर्धा असे. तीत पहिला येणारा विद्यार्थी सरकारी खर्चाने रोम येथे राहून अभ्यास करी. दाविद या स्पर्धेत एकदा नव्हे, तीन वेळा अपयशी ठरला. १७७२ साली तर त्याने खोलीत कोंडून घेऊन अन्नत्याग करून प्राण देण्याचा घाट घातला होता. मित्रांनी व शिक्षकांनी समजूत घालून त्यास बाहेर काढले. १७७४ साली चौथ्या खेपेस त्यास यश आले. तरुणपणी तलवारबाजीत गालास जखम होऊन त्याचा चेहरा एका बाजूस सुजल्यासारखा झाला होता व बोलणेही अडखळते झाले होते. सभेत ज्यास धड बोलता येत नसे, त्याची चित्रे मात्र साऱ्या देशाशी बोलू लागली.

रोममधील पाच वर्षांत त्याने प्राचीन शिल्पे डोळ्यांत साठवून घेतली आणि १७८५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात होराशियस बंधूंच्या शपथेचे चित्र मांडून मोठी कीर्ती मिळविली. तीन भाऊ हात पुढे करून उभे आहेत, वृद्ध पिता तलवारी उंच धरून त्यांस शपथ देत आहे, आणि एका बाजूस घरातील स्त्रिया शोकाने खचून बसल्या आहेत, असा तो देखावा. या बंधूंच्या लढाईची कथा रोमच्या जुन्या इतिहासग्रंथांत आहे, परंतु ही शपथ मात्र त्यांत नाही. ती दाविदने स्वतःच्या कल्पनेने रचली. तरी गंमत अशी की, पुढे लोकांस त्या कथेतील दुसरे काही आठवेना, ही शपथच तेवढी आठवू लागली. येथे तक्रारीस जागा आहे असे आम्हांस वाटत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दंतकथेत चित्रकाराने एक प्रसंग घातला, त्याने कोणाचे काय बिघडले?

पण लवकरच दाविदवर दंतकथा सोडून डोळ्यांदेखतचा इतिहास रंगविण्याची पाळी आली, आणि तेथून त्याची खरी परीक्षा सुरू झाली.

१७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. २० जून रोजी व्हर्सायच्या राजवाड्यानजीक लोकप्रतिनिधी सभेसाठी आले, तो सभागृहास टाळे! तेव्हा ते जवळच्या एका चेंडूफळीच्या बंदिस्त आखाड्यात जमले व देशास राज्यघटना दिल्याखेरीज आपण पांगणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. या प्रसंगाचे प्रचंड चित्र काढण्याचे काम पुढल्या वर्षी दाविदकडे आले. तो स्वतः त्या सभेस हजर नव्हता. १७९१ साली त्याने चित्राचा तपशीलवार आराखडा प्रदर्शनात ठेवला. मध्यभागी टेबलावर अध्यक्ष बायी शपथ वाचत उभा आहे, शेकडो हात त्याच्याकडे उंचावले आहेत, खिडक्यांचे पडदे सोसाट्याच्या वाऱ्याने आत फुगले आहेत. अगदी पुढे तीन धर्मपुरुष एकमेकांस आलिंगन देत आहेत : एक कॅथलिक पाद्री, एक प्रॉटेस्टंट उपदेशक आणि एक मठवासी संन्यासी. सर्व पंथ राष्ट्रासाठी एक झाले, हे दाखविण्याचा हा हेतू. परंतु यांतील संन्यासी दोम जेर्ल हा त्या दिवशी तेथे नव्हता. दाविदने त्यास तेथे आणून उभे केले.

याच आराखड्यात उजव्या कोपऱ्यात आणखी एक माणूस आहे, आणि आमच्या मते साऱ्या चित्रात पाहण्याजोगा तोच आहे. त्याचे नाव मार्तँ-दोश. शपथेस विरोध करणारा हा एकटाच प्रतिनिधी. सभा त्याच्यावर खवळली होती, तरी त्याने आपला विरोध कागदावर नोंदविला. चित्रात सर्वांचे हात वर असता हा हात छातीशी घट्ट बांधून बसला आहे. दाविद त्या वेळी क्रांतीच्या नशेत होता. या माणसास गाळण्याचा मोह त्यास सहज झाला असता, आणि त्याबद्दल कोणी त्यास जाबही विचारला नसता. त्याने त्यास गाळले नाही. दोम जेर्लला घेताना सोडलेले सत्य त्याने या कोपऱ्यात सांभाळले.

हे चित्र पुरे झालेच नाही. वर्गणीतून पैसे जमेनात हे एक कारण. दुसरे कारण असे की, चित्रातील माणसे रंगविण्याच्या आत बदलू लागली! मिराबोचा राजाशी गुप्त पत्रव्यवहार त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आला व राष्ट्रवीराचा देशद्रोही ठरला. अध्यक्ष बायी व बार्नाव्ह यांस १७९३ साली गिलोटिनखाली जावे लागले. आलिंगन देणाऱ्या तिघांपैकी प्रॉटेस्टंट उपदेशकाचीही त्याच वर्षी तीच गत झाली. कालचे वीर आजचे गुन्हेगार. मग रंगवावे कोणास आणि पुसावे कोणास? मोठ्या कॅनव्हासचा जो भाग उरला आहे, तो व्हर्सायला आहे. आधी उघडे शरीर रेखाटून मग त्यावर वस्त्रे चढवावयाची, अशी तेव्हाची पद्धत होती. त्यामुळे त्या कॅनव्हासवर नग्न देह आणि त्यांतील काहींवरच रंगविलेली मस्तके, असा चमत्कारिक देखावा राहून गेला आहे.

दाविद स्वतः १७९२ साली राष्ट्रीय सभेवर निवडून गेला. जानेवारी १७९३ मध्ये त्याने राजाच्या देहदंडाच्या बाजूने मत दिले. त्याची पत्नी शार्लोत ही राजनिष्ठ घराण्यातील. ती घर सोडून गेली व पुढे घटस्फोट झाला. दाविद सुरक्षा समितीचा सभासद होता आणि त्याच्या सहीने अनेक माणसे तुरुंगात गेली. चरित्रनायकाचे दोष झाकण्याची आपल्याकडील स्मरणिकांतील चाल आम्हांस ठाऊक आहे. पण प्रस्तुत लेखच गाळण्याविषयी असल्याने हे आम्ही गाळू शकत नाही.

त्याच वर्षी १३ जुलै रोजी, झाँ-पॉल मारा या जहाल पत्रकाराचा शार्लोत कोर्दे नावाच्या २४ वर्षांच्या तरुणीने खून केला. मारा यास असह्य त्वचारोग होता. म्हणून तो औषधी पाण्याच्या टबात बसून, आडवी फळी टाकून, लेखन करी. खुनाच्या आदल्याच दिवशी दाविद त्यास भेटून आला होता, म्हणजे तो देखावा त्याने प्रत्यक्ष पाहिला होता. आणि तरी त्याच्या चित्रात काय आहे? देहावर रोगाची खूण नाही. कातडी संगमरवरासारखी नितळ. भिंत सारी मोकळी. काळ्या मुठीचा सुरा पांढऱ्या मुठीचा झाला. हातात कोर्देची चिठ्ठी आहे, तीत ती आपल्या दुर्दैवाची दुहाई देऊन दयेची याचना करते; वस्तुतः कटवाल्यांची नावे सांगते असे आमिष दाखवून तिने आत प्रवेश मिळविला होता. शेजारच्या खोक्यावर पैशाची नोट व एक कागद; पाच मुलांच्या विधवा आईस ते पैसे द्यावेत असे त्यावर लिहिलेले. माथी भडकविणारा पत्रकार अशा रीतीने दयाळू हुतात्मा झाला. आणि ज्या बाईने हे कृत्य केले, ती चित्रात नाहीच! तिची चिठ्ठी राहिली, तिचा सुरा राहिला, ती गेली. चित्र म्हणून हे दाविदचे सर्वश्रेष्ठ चित्र होय, असे जाणकार म्हणतात व आम्हांसही पटते. पुरावा म्हणून मात्र ते कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही.

जुलै १७९४ मध्ये रोबेस्पियर याचा पाडाव होऊन त्यास गिलोटिनवर चढविले. दाविद त्या दिवशी सभेस गेला नव्हता म्हणून वाचला. पण थोड्याच दिवसांत पकडला गेला. दोन वेळा मिळून त्याने कित्येक महिने तुरुंगवास भोगला. ज्या पत्नीने त्यास सोडले होते, तीच या संकटात त्याच्या मदतीस धावली आणि १७९६ साली दोघांनी पुन्हा विवाह केला. युद्ध करणाऱ्या पुरुषांच्या मधोमध मुले घेऊन उभ्या राहिलेल्या सॅबाइन स्त्रियांचे भव्य चित्र त्याने १७९९ साली पुरे केले, त्यामागे हा घरचा अनुभव असावा असे म्हणतात.

त्याच वर्षी नेपोलियन बोनापार्ट सत्तेवर आला. पांढऱ्याशुभ्र घोड्यावर स्वार होऊन आल्प्स पर्वत ओलांडणारा नेपोलियन वाचकांनी कोठे ना कोठे पाहिला असेलच. घोडा मागील पायांवर उभा, झगा वाऱ्यावर उडत आहे, हात शिखराकडे. आम्हीही हे चित्र वर्गात भिंतीवर लावून, छडी त्यावर टेकवून, धडा शिकवीत असू. खरी हकीकत आम्हांस फार उशिरा कळली. मे १८०० मध्ये नेपोलियनने घाट ओलांडला तो खेचरावर बसून. खेचराचा लगाम एका स्थानिक शेतकऱ्याच्या हाती होता. सैन्य आधीच पुढे गेले होते व हवा निवळ होती. चित्रासाठी समोर बसण्यास नेपोलियनने साफ नकार दिला. थोरांच्या तसबिरी त्यांच्यासारख्या दिसतात की नाही हे कोणी विचारीत नाही, त्यांचे तेज दिसले म्हणजे झाले, असे त्याचे मत होते. तेव्हा दाविदने आपल्या मुलास शिडीवर बसवून चित्र काढले. पोशाख मात्र मारेंगोच्या लढाईत नेपोलियनने घातलेला, खराखुरा मागवून घेतला होता. बटणे खरी, प्रसंग खोटा! मूळ चित्र स्पेनच्या राजाने मागविले होते. पुढे मागणीनुसार एकूण पाच प्रती झाल्या. अर्धशतकानंतर, १८५० साली, देलारोश नावाच्या चित्रकाराने खेचरावरचा, थंडीने गारठलेला नेपोलियन रंगविला. तो अधिक खरा आहे. पण लोकांच्या मनातील घोड्यास तो खेचरावर आणू शकला नाही.

२ डिसेंबर १८०४ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरात नेपोलियनचा राज्याभिषेक झाला. हा प्रसंग दाविदने जागेवर बसून डोळ्यांनी पाहिला, माणसे पाहून कच्ची रेखाटने केली, आणि सुमारे ६ मीटर उंच व १० मीटर रुंद असे चित्र १८०७ अखेर पुरे केले. शंभराहून अधिक माणसे त्यात आहेत व बहुतेकांचे चेहरे ओळखू येतात. असा साक्षीदार चित्रकार इतिहासास क्वचितच लाभतो. आता या साक्षीत काय काय झाले ते पाहा.

नेपोलियनने पोपच्या हातून मुकुट न घेता स्वतःच तो डोक्यावर ठेवला होता. दाविदने आधी तसेच रेखाटले; पण ते उद्धटपणाचे दिसते असे वाटून त्याने प्रसंग पुढे सरकविला. चित्रात नेपोलियन पत्नी जोझेफीन हिच्या मस्तकी मुकुट ठेवण्यास हात उंचावून आहे. पोप सातवे पायस यांचे दोन्ही हात आधी गुडघ्यांवर होते; नेपोलियनच्या इच्छेवरून उजवा हात आशीर्वादासाठी वर गेला. ४१ वर्षांची जोझेफीन नवयुवती झाली. तिच्या झग्याचा घोळ उचलण्याचे काम नेपोलियनच्या बहिणींनी कपाळाला आठ्या घालून केले होते. चित्रात त्या एका बाजूस शांतपणे उभ्या आहेत. आणि मध्यभागी सज्जात, मानाच्या आसनावर, नेपोलियनची आई लेतीत्सिया प्रसन्न मुद्रेने बसली आहे. ती त्या दिवशी पॅरिसमध्ये नव्हतीच. ती रोमला होती. लुस्याँ या दुसऱ्या मुलाशी नेपोलियनने भांडण केले म्हणून ती रुसली होती आणि जोझेफीनही तिला मनातून पसंत नव्हती.

मुलाच्या राज्याभिषेकाच्या चित्रात आई असावी, ही इच्छा कोणत्या मुलाची नसेल? प्रथमदर्शनी आम्हांसही हे गोड वाटले. पुढे विचार करता ध्यानात आले की, आईला आत घेतल्याने आईचा रुसवा बाहेर गेला. ती का आली नाही, हा प्रश्नच चित्र पाहणाऱ्याच्या मनात उरत नाही. लुस्याँ मात्र चित्रात नाही.

एक मौजेची गोष्ट सांगतात. चित्रात कार्डिनल काप्रारा यांचे टक्कल दिसते. आपणांस केसांच्या टोपासह रंगवावे म्हणून त्यांनी वरपर्यंत खटपट केली, पण दाविद बधला नाही. जो गैरहजर आईस सज्जात बसवितो, तो एका टोपासाठी सत्य सोडीत नाही, हा मनुष्यस्वभाव पाहून हसू येते.

राज्याभिषेकानंतर तीन दिवसांनी सैन्यास गरुडध्वज वाटण्याचा समारंभ झाला होता. त्याचे चित्र दाविदने १८१० साली पुरे केले. समारंभात जोझेफीन नेपोलियनच्या मागे सिंहासनावर होती व आराखड्यातही ती होती. पण चित्र पुरे होईतो तिला मूल नाही म्हणून नेपोलियनने घटस्फोट दिला होता. आज्ञा झाली आणि ती चित्रातून पुसली गेली. मोकळी पडलेली जागा उघडी दिसू नये म्हणून तिचा मुलगा यूजेन याचा पाय दाविदने त्या रिकाम्या जागेत पुढे पसरला. ते चित्र पाहणाराची दृष्टी त्या पायाशी येऊन अडखळते, असे आम्हांस वाटते; निदान हकीकत कळल्यावर तरी आमची अडखळली.

आता आमचे मत. पाटल्या देणाऱ्या माउलीस चित्रात अवश्य घ्यावे. मात्र पुरुषांच्या मधोमध नव्हे, तर दाराबाहेर ओसरीवर, जेथे ती त्या दिवशी असू शकली असती, आणि चित्राखालील पाटीवर तिला सभेत जागा नव्हती हे स्पष्ट लिहावे. नाहीतर आपल्या पूर्वजांनी स्त्रियांस मानाने सभेत बसविले, असे आपली नातवंडे समजतील व ते खरे नाही. ज्या गृहस्थांनी पुढे वाद केला, त्यांस त्यांच्या सहीच्या क्रमाने, इतरांइतक्याच ठसठशीतपणे दाखवावे. त्यांचा वाद नंतरचा आहे. सही त्या दिवशीची आहे. हात बांधून बसलेल्या मार्तँ-दोशास दाविदने जागा दिली, तेवढी आपणही देऊ शकतो. हा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे व तेथे ज्यास जे वाटेल ते त्याने मांडावे.

दाविदची उरलेली हकीकत थोडक्यात सांगतो. १८१५ साली नेपोलियन पडला आणि जुने राजघराणे परत आले. राजाच्या मृत्यूस मत देणाऱ्यांस हद्दपार करण्यात आले. १८१६ साली दाविद ब्रुसेल्सला गेला. त्यास परत बोलावण्याचे प्रयत्न झाले, पण क्षमा मागून परतणे त्यास मान्य नव्हते. १८२४ साली नाट्यगृहातून परतताना गाडीचा धक्का लागून तो जखमी झाला, त्यातून पुरता सावरला नाही आणि २९ डिसेंबर १८२५ रोजी वारला. देह फ्रान्समध्ये आणण्यास तेथील सरकारने परवानगी दिली नाही. त्याचे दफन ब्रुसेल्सला झाले. हृदय मात्र पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत, पत्नीच्या सान्निध्यात आहे.

हद्दपारीत त्याने एक जुने काम तडीस नेले. राज्याभिषेकाच्या चित्राची तेवढीच मोठी दुसरी प्रत त्याने १८०८ साली सुरू करून ठेवली होती. रुझे या शिष्यास हाताशी घेऊन, बऱ्याच अंशी आठवणीवरून, ती त्याने १८२२ साली ब्रुसेल्सला पुरी केली. जोझेफीन वारून आठ वर्षे झाली होती, नेपोलियन आदल्या वर्षी सेंट हेलेना बेटावर वारला होता, आणि कोणास घ्यावे, कोणास पुसावे हे सांगणारा आता कोणी उरला नव्हता. दाविदने एका बहिणीच्या झग्याचा रंग गुलाबी केला. जोझेफीन तशीच गुडघे टेकून बसली आहे. सज्जात लेतीत्सियाही तशीच बसली आहे. ती मात्र त्या वेळी हयात होती, आणि राज्याभिषेकाच्या दिवशी होती तशीच रोमला होती. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे, ही प्रत व्हर्सायला आहे.